ताईने सांगितलं नव्हतं

पाचवा महिना संपत आलेला, तेव्हा एका सकाळी कमोडमध्ये मला रक्त दिसलं. एखाददुसरा थेंब नाही, पाणीच लाल झालेलं. मी भिंतीला धरून तशीच उभी राहिले. बाळ गेलं, एवढंच डोक्यात. नवरा बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगवर बोलत होता, सासूबाई खाली भाजी आणायला गेलेल्या. फोन हातात होता. ताईला लावला.

“ताई, रक्त येतंय.”

“कुठून?”

“कुठून म्हणजे?”

“समोरून की मागून? आधी रडू नकोस. पुसून बघ आणि सांग.”

मी बघितलं. मागून होतं.

“मग बाळाचं काही नाही,” ताई म्हणाली, आणि तिचाही श्वास सुटल्याचं मला ऐकू आलं. “मूळव्याध आहे ही. शौचाला खडा होतो ना तुला? आयर्नच्या गोळ्या चालू असतील. होतं असं पोटुशी असताना. डॉक्टरांना मात्र सांग, लपवू नकोस.”

ताई कल्याणला एका शाळेत शिकवते. शाळेच्या जिन्यात उभी राहून ती बोलत होती, मागे मुलांची प्रार्थना चाललेली. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमची आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झालेली, आणि आईला विचारायच्या सगळ्या गोष्टी मी ताईला विचारायचे, डाळीत पाणी किती घालायचं इथपासून.

त्या सकाळी तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. धाकट्याच्या वेळी तिलाही हेच झालेलं. ती अंगावर काढत राहिली आणि बाळंतपणानंतर वर्षभराने ऑपरेशन करावं लागलं. घरात सासरच्यांना सांगितलं, पिशवीवर छोटी गाठ होती. खरं फक्त भावोजींना माहीत.

“का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“अगं, आमच्या घरात सगळे एकाच पंगतीला जेवायला बसतात. तिथे हे नको वाटलं. असू दे. तुझ्या-माझ्यात ठेव.”

“माझंही तुझ्या-माझ्यात ठेव.”

“ठेवते,” ती म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. आमचं घर बाळकुमला, अकराव्या मजल्यावर. बाल्कनीत तो कपडे काढत होता दोरीवरून, आणि मी दाराशी उभी राहून हळू आवाजात, जणू एखादा गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं. तो ऐकून गोंधळला. “म्हणजे... तिथे?” म्हणाला. “तिथेच,” म्हटलं. त्याने दोन टॉवेल घडी केले, मग तिसरा. तो वाईट माणूस नाही. त्याला शब्द सापडत नव्हते एवढंच.

“कुणाला सांगू नकोस हां,” मी म्हटलं. “आईंनासुद्धा नाही.”

“मी कशाला कुणाला सांगेन?” तो म्हणाला.

पुढचे दोन महिने कसे गेले ते नीट सांगायला मला अजूनही संकोच वाटतो. माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. ऑफिसात बसून त्या भागांचे नकाशे तपासायचे, मापं जुळवायची. आठ तास खुर्ची. बसलं की आधी टोचायचं, मग जळायचं, मग सगळं खाली ओढल्यासारखं जड व्हायचं. मी नकाशे टेबलावर पसरून उभ्यानेच तपासायला लागले. साहेब म्हणाले, “बसा की, अशा अवस्थेत कशाला उभ्या?” मी म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय. खालच्या मजल्यावर बायकांसाठी एकच संडास, कडी लागली तरी दार हलणारं. सकाळी घरी झालं नाही तर दिवसभर तिथे जायची हिंमत व्हायची नाही, आणि धरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी जास्त त्रास. सकाळी आत गेले की नळ सोडून ठेवायचे, तोंडात ओढणीचं टोक धरायचे. बाहेर येऊन तोंड धुवायचे आणि पोह्यांवर लिंबू पिळायला बसायचे. म्हणजे उभी राहायचे.

डॉक्टरीणबाई आमच्या ठाण्यातल्याच, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. तपासणीला गेलो की नवरा शेजारच्या खुर्चीत, टेबलाशी फाइल घेऊन एक मुलगी उभी. “काही त्रास?” त्या विचारायच्या. “नाही मॅडम,” मी म्हणायचे. ताई फोनवर दर वेळी विचारायची, “सांगितलंस?” आणि मी तिला हो म्हणायचे. मनाने एक उपायही केला. आयर्नची गोळी बंद केली. रोज रात्री पाकिटातून काढायची आणि खिडकीतल्या कुंडीत दाबून टाकायची. कुणाला कळलं नाही.

घरात त्या दिवसांत सुरण फार व्हायला लागलेलं. सुरणाची भाजी, सुरणाचे काप, जेवल्यावर ताक. मला वाटलं, सासूबाईंना गावची आठवण येतेय. त्या सिंधुदुर्गातल्या, सुरण त्यांच्या आवडीचं. मला बरं वाटत होतं खाऊन, म्हणून मी विचारलंही नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. आई नाही म्हणून काकूने पुढाकार घेतला. डोंबिवलीला बाबांच्याच इमारतीत काकू राहते, वरच्या मजल्यावर. तिथल्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम. काकू हौशी, आवाज मोठा, मनात काही न ठेवणारी. तिने फुलांचा झोपाळा सजवलेला, झोपाळ्याच्या मागे कागदी चंद्र, आणि हॉलचा माइकही मागून घेतलेला. मी हिरवी साडी नेसले, ताईने अंगावर फुलांचे दागिने चढवले. कानातलं बसवताना ती पुटपुटली, “फार वेळ बसू नकोस. कंटाळा आला की मला खूण कर, मी उठवते तुला.” मला वाटलं, जगात हिच्यासारखं कुणी नाही.

चाळीसेक बायका असतील. माझ्या सासरच्या, बाबांच्या इमारतीतल्या, ताईच्या सासूबाईही आलेल्या. मी झोपाळ्याकडे निघाले, तशी काकू माइकमध्ये म्हणाली, “थांबा थांबा! आमच्या लेकीला अशी नका बसवू. तिची खास गादी आणलीय मी!”

तिने पिशवीतून एक उशी काढली. गोल, निळी, मध्ये भोक असलेली. औषधांच्या दुकानात टांगलेली असते तशी. तिला लाल रिबीन बांधलेली.

“मूळव्याधीचा त्रास आहे पोरीला,” काकूने माइकमध्येच सांगितलं, आवाजात माया ओतप्रोत. “लाजायचं काय त्यात? राणीला सिंहासन, आमच्या राणीला हे!”

हॉल हसला. वाईट हसणं नव्हतं ते, हे मला आता कळतं. एकजण म्हणाली, “माझ्या सुनेलापण झालेलं गं.” दुसरी म्हणाली, “गुलकंद दे तिला.” कुणीतरी उशी झोपाळ्यावर मांडली, कुणीतरी मला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं. समोर मोबाइल धरून दोघी-तिघी शूटिंग करत होत्या. माझी ओटी भरली, दोन वाट्यांतली एक उघडायला लावली, पेढा निघाला की बर्फी ते मला आठवत नाही. मी ताईकडे बघत होते. ती हळदीकुंकवाचं तबक धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडलेला. मला तो चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा दिसला.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी हॉलच्या मागच्या खोलीत गेले. तिथे पातेली, ताटांच्या चळती. ताई मागोमाग आली.

“तुला एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही?” मी म्हटलं.

“मी नाही सांगितलं.”

“मग काकूला स्वप्न पडलं? तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?”

ताईने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. माझा नवरा दाराशी उभा होता, पुरुषांच्या पंगतीसाठी ताटं न्यायला आलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मीही वळून बघितलं.

“याला माहीत होतं,” मी म्हटलं, “पण याला तर तो शब्द उच्चारायचीसुद्धा लाज वाटते. हा कुणाला सांगणार?”

त्याने ताटं उचलली.

“शपथ घे आईची,” मी ताईला म्हटलं.

“मी शपथ घेणार नाही,” ती म्हणाली. “मी नाही सांगितलं म्हटलं ना.”

आणि मग मी जे बोलले ते मला आजही परत घ्यावंसं वाटतं. माझा आवाज चढलेला. “तुझं स्वतःचं बरं लपवलंस! ऑपरेशन करून घेतलंस मूळव्याधीचं, आणि सासरी सांगितलंस पिशवीला गाठ. माझ्या वेळी मात्र माइकवर?”

ताई हलली नाही. दारात, माझ्या नवऱ्याच्या पलीकडे, तिच्या सासूबाई उभ्या होत्या. हात धुवायला नळ कुठे ते विचारायला आलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं. “नळ कुठे?” त्यांनी तरीही विचारलं, आणि ताईने हात करून दाखवला.

ती त्या दिवशी न जेवता कल्याणला गेली. पुढे दीड महिना आमचं बोलणं नाही. दोनदा तिचा फोन आला, मी घेतला नाही. मग तिने करणं बंद केलं. काकूने व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, त्यात मी उशीवर बसताना हसतेय. खरंच हसतेय. माणूस कुठल्याही वेळी हसू शकतो.

नवरा त्या दिवसांत फार जपून वागत होता. पाय चेपून द्यायचा, पाण्याची बाटली भरून उशाशी ठेवायचा. मी त्याला म्हणायचे, “सख्खी बहीण असं करते, बघ.” तो म्हणायचा, “जाऊ दे ना. तू शांत राहा.” मला तो तेव्हा माझा एकटाच माणूस वाटायचा.

सातव्या महिन्याच्या रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. “गोळी घेतेस?”

त्या वेळी मी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. सगळ्या हॉलला माहीत झालेलं, फक्त डॉक्टरांना नव्हतं. मी सगळं सांगितलं, कुंडीसकट. त्यांनी पडद्यामागे नेऊन तपासलं. दोन मिनिटांचं काम, दुखलंही फारसं नाही. हात धुताना म्हणाल्या, “किती दिवस झाले?”

“दोन महिने.”

“दोन महिने ही वेदना सहन केलीस, आणि मला सांगायला दोन मिनिटं नव्हती?”

मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि मग एकेक सांगितलं. दुसरी आयर्नची गोळी लिहून दिली, पोट साफ राहायला पातळ औषध, लावायला मलम. दिवसातून दोनतीनदा टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसायचं. कमोडवर बसताना पायाखाली छोटं स्टूल, कुंथायचं नाही, कळ आली की थांबवायचं नाही. पाणी भरपूर, सालासकट फळं. झोपताना डाव्या कुशीवर. “आणि रक्त जास्त गेलं, चक्कर आली, तर रांगेत थांबू नकोस, सरळ आत ये.” शेवटी म्हणाल्या, “हे निम्म्या बायकांना होतं. त्यातल्या निम्म्या मला बाळ झाल्यावर सांगतात.”

पंधरा दिवसांत इतका फरक पडला की मला राग आला. एवढंच होतं तर मी ते दोन महिने कशासाठी काढले?

नववा लागल्यावर मी सुट्टी घेतली. एका दुपारी स्वयंपाकघरात स्टुलावर एका बाजूला कलून बसलेले आणि सासूबाई हाताला तेल लावून सुरण चिरत होत्या. खाज येते म्हणून तेल. मी सहज म्हटलं, “आई, तुम्हाला सुरण फारच आवडतं.”

“मला?” त्या हसल्या. “माझा घसा खवखवतो त्याने. तुझ्यासाठी करते गो. ह्यान सांगल्यापासून आठवड्यातून दोनदा आणतंय.”

“याने काय सांगितलं?”

“तुझ्या त्रासाचं. पाचव्यातच सांगितलेलं त्याने. आई, काय खायला घालू म्हणून विचारलं.” त्या चिरतच होत्या. “मग तुझ्या काकूचा फोन आलेला ना, डोहाळजेवणाला झोपाळ्यावर बसवू की पाटावर म्हणून. मी म्हटलं, बसवा कुठेही, पण खाली मऊ काहीतरी घाला, पोरीला असा असा त्रास आहे.” मग त्यांचा हात थांबला. “का गो? तुला माहीत नव्हतं?”

त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. मागच्या खोलीत काय झालं ते त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलंच नव्हतं. मी म्हटलं, काही नाही, आणि आत जाऊन कुशीवर पडले. बाळ लाथा मारत होतं. मला मात्र डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, दाराशी उभा नवरा आणि त्याच्या हातातली ताटं.

तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून साडेसातला घरी आला. बॅगही खाली ठेवू दिली नाही मी.

“आईंना तू सांगितलंस.”

तो जागीच थांबला. खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहायला हवं. “तुझा त्रास बघवत नव्हता गं. आईला औषधं माहीत असतात. ती पुढे काकूला सांगेल असं मला खरंच वाटलं नाही.”

“त्याचं मला काही नाही. आईंना सांगितलंस, बरं केलंस. पण त्या दिवशी तू दारात होतास.”

त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

“मी ताईला वाट्टेल ते बोलले. तिच्या सासूसमोर तिची अब्रू काढली. तू ऐकत होतास. तुला फक्त एवढंच म्हणायचं होतं, मी सांगितलं.”

“मला वाटलं, तुम्ही बहिणी आहात, दोन दिवसांत मिटेल.”

“आणि दीड महिना मी रडत होते तेव्हा?”

“मग उशीर झालेला,” तो म्हणाला. “रोज वाटायचं आज सांगू. रोज जास्त कठीण होत गेलं.”

मला त्याला मारावंसं वाटलं. त्याऐवजी मी म्हटलं, हातपाय धुऊन घे, जेवायला वाढते. त्याने मलम आणून दिलं होतं, पाय चेपले होते, आणि ते सगळं करताना त्याला माहीत होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. त्याचा प्रत्येक चांगुलपणा मला आता मागे जाऊन पुन्हा तपासावा लागणार होता, की यात प्रेम किती आणि भीती किती.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, मी येतो बरोबर. मी नको म्हटलं. टॅक्सी करून निघाले, कशेळीचा पूल, भिवंडीचे खड्डे, दुर्गाडीचा पूल. मागच्या सीटवर आडवी होऊन, एका हाताने वरची कडी धरून. ड्रायव्हर दर खड्ड्याला “सॉरी हां मॅडम” म्हणत होता.

ताईने दार उघडलं. माझं पोट बघितलं, मग चेहरा. “अशी एकटी कशी आलीस?” म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ती ग्लास धरून ऐकत होती.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“त्याचं तोंड बघितलं ना मी तेव्हाच. दारात.”

“मग बोलली का नाहीस?”

“सातवा महिना तुझा. तुला राहायचं त्याच्या घरात, आपली आई नाही. चाळीस बायका बाहेर जेवतायत आणि मी तुझ्या नवऱ्याकडे बोट दाखवू?” तिने ग्लास माझ्या हातात दिला. “मला वाटलं, घरी जाऊन तू विचार करशील. मला फोन करून विचारशील, ताई, खरंच तू नाही ना सांगितलंस. तू विचारलंच नाहीस गं. तू ठरवलंस.”

मी तिचे हात धरले. तिने सोडवून घेतले नाहीत, पण ते हात नुसते माझ्या हातात होते. तेवढ्यात तिच्या सासूबाई आतून आल्या, मला बघून म्हणाल्या, “बरी आहेस ना? आमच्या घरात विचारूनच घ्यावं लागतं बाई, कुणाला काय झालंय. सांगत नाहीत कुणी.” ताईने त्यांना खुर्ची ओढून दिली. दीड महिना ती हे रोज ऐकत असणार.

“माफ केलंस?” निघताना जिन्यात मी विचारलं.

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कठडा धरून उतर.”

मुलगी झाली. ताई हॉस्पिटलात दोन दिवस राहिली, मला धरून नेलं-आणलं, टाके आणि मूळव्याध दोन्ही ठणकत असताना कोमट पाण्याचा टब तिनेच भरला. नवऱ्याने तिच्यासमोर चूक कबूल केली. ती म्हणाली, “झालं ते झालं,” आणि बाळाचं दुपटं बदलायला वळली. माझा त्रास तीन महिन्यांत बराचसा गेला. नवऱ्याशी मी भांडले, अबोला धरला, पुन्हा बोलायला लागले. आम्ही नांदतो. मी त्याला काही सांगताना आता आधी थांबते, एवढंच, आणि ते त्यालाही कळतं.

मुलगी आता दोन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात काकूचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, “बरं झालं बाई, तुझ्या ताईची गाठ साधी निघाली.”

“कसली गाठ?”

“अगं, छातीतली. तपासायला पाठवलेली ना. पंधरा दिवस नुसता जीव टांगणीला. तुला माहीत नाही?”

मी म्हटलं, “माहीत आहे. म्हणजे, निकाल माहीत नव्हता.”

फोन ठेवला आणि ताईला लावला. “कशी आहेस?” मी विचारलं. “मजेत,” ती म्हणाली. “पेपर तपासतेय.” मी थांबले, की ती सांगेल. तिने माझ्या मुलीच्या दातांचं विचारलं, बाबांच्या गुडघ्याचं सांगितलं, आणि म्हणाली, “चल, ठेवते.” मी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क मी स्वतःच त्या मागच्या खोलीत, पातेल्यांच्या मध्ये घालवला होता.